दुसरी मनीषा

झोळीवर नाव आधीपासूनच होतं. जांभळ्या सॅटिनवर सोनेरी जरीनं भरलेलं, चांगलं वीतभर लांब: काव्या. काव्यातल्या 'व्या'ला एक वेलबुट्टी जोडलेली. माझा धाकटा भाऊ दीपक एम्ब्रॉयडरी मशीनवर ऑपरेटर आहे. दोन वर्षांपूर्वी पहिली मुलगी झाली, तेव्हा शेठला विचारून, जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते नाव भरून घेतलं होतं. त्या काव्याच्या कानात आत्या म्हणून मीच नाव सांगितलं होतं. चार महिन्यांची झाली, ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

आता दुसरी मुलगी झाली होती. उद्या तिचं बारसं. मी सुरतेतल्याच भेस्तानहून, सासरहून, दुपारच्या रिक्षेनं लिंबायतला माहेरी आले, चप्पल काढून आत पाय ठेवला, आणि छताच्या कडीला तीच झोळी टांगलेली दिसली. आत अकरा दिवसांची पोर मुठी वळून झोपली होती.

"धुतली फक्त, ताई," दीपक म्हणाला. "जर बघ, जरासुद्धा काळी पडली नाही."

"आणि नाव?"

"नाव तेच. काव्या. चांगलं नाव आहे, सगळ्यांना आवडतं. कशाला बदलायचं?"

माझ्या हातातली पिशवी खाली ठेवायचं मी विसरून गेले. हेच वाक्य, अगदी याच घरात, माझ्यासाठी बोललं गेलं होतं. तेव्हा मी त्या झोळीतल्या पोरीएवढी होते.

त्या वेळी आमची गल्ली अशी पक्की नव्हती. पत्र्याची छपरं, मधून वाहणारं गटार, आणि दोन्ही बाजूंना लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. दिवसभर ती खटखट चाले. आम्ही पोरं त्या आवाजातच बोलायला शिकलो, म्हणून आमच्या गल्लीतलं माणूस आजही दवाखान्यातसुद्धा ओरडून बोलतं. लूम थांबली की आम्ही दचकायचो. वीज गेल्यावर एकदम सगळीकडे शांत व्हायचं, आणि मग दूरवरून कुणाच्या तरी घरातला भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा. खात्यातून येणारा माणूस दारात आला की आधी वास यायचा: मशीनचं तेल, कांजी लावलेल्या सुताचा आंबूस वास, आणि तंबाखू. माझ्या आप्पांच्या अंगाला तोच वास. त्यांच्या भुवयांवर सुताचा बारीक पांढरा कापूस बसलेला असायचा, म्हणून लहानपणी मला ते म्हातारे वाटत. ते तीस वर्षांचेही नव्हते.

त्या गल्लीत नावं साड्यांच्या डिझाइनसारखी यायची. एखादी बुट्टी बाजारात खपली की सगळ्या खात्यांत तीच निघायची, तसंच मुलींचं. कधी सगळ्या सुनीता, कधी सगळ्या संगीता. मग मनीषांचा हंगाम आला. आमच्या एका रांगेत पाच मनीषा होत्या. संध्याकाळी कुणाची आई दारात येऊन "मनीसा वं!" अशी हाक मारी, तेव्हा चार जणी खेळ सोडून वळायच्या.

मी वळायची नाही. मला त्या हाकेची सवयच नव्हती. माझी आई मला नावानं बोलवायची नाही. "माय, आठे ये," म्हणायची, म्हणजे इकडे ये; किंवा "माय, पानी दे." आमच्या अहिराणीत लेकीला लाडानं माय म्हणतात हे खरं, पण इतर आया रागावल्या की तरी नाव घ्यायच्या. माझी आई रागावली तरी नाव घेत नसे. मला वाटायचं, हिला मी आवडत नाही.

शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. पहिल्या दिवशी आप्पांनी खाकी पाकिटातून एक कागद काढून गुरुजींपुढे ठेवला. जन्माचा दाखला. गुरुजींनी कागद बघितला, मग मला बघितलं, मग परत कागद.

"सहा पूर्ण?" ते म्हणाले. "चारचीसुद्धा दिसत नाही ही."

"बारीक शे अंगानं," आप्पा म्हणाले.

मी बारीक नव्हते. मी चार वर्षांचीच होते. बाकावर बसले की माझे पाय जमिनीला टेकत नसत. पाटी मांडीवर मावत नसे. मधल्या सुट्टीत मला झोप यायची आणि मी दप्तरावर डोकं ठेवून झोपून जायची. वर्गात चार मनीषा होत्या, म्हणून गुरुजींनी आम्हाला ओळखीसाठी नावं दिली होती: मनीषा पाटील एक, मनीषा पाटील दोन, सोनारांची मनीषा आणि झोपाळू मनीषा. एकदा बाईंनी नावांचे अर्थ सांगितले. "मनीषा म्हणजे इच्छा," त्या म्हणाल्या. मी तो अर्थ घरी घेऊन आले, एखादं बक्षीस आणावं तसा. आईला सांगितला. ती वांगी भाजत होती. तिनं जाळावरचं वांगं उलटं केलं, साल फुटून रस निखाऱ्यावर पडला, चर्र झालं.

उन्हाळ्यात गावी जायचो. सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या लाकडी बाकावर, खिडकीच्या गजांना गाल लावून. गजांचा वास हाताला लागे, लोखंडाचा आणि कोळशाचा. स्टेशनागणिक करवंदं, काकड्या. अमळनेरला उतरलो की एसटी, आणि एसटीतून उतरलो की पांढरी धूळ, ज्यात पाऊल ठेवलं की घोट्यापर्यंत जायचं. त्या धुळीत मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद भोगला आहे. अनवाणी, कैऱ्या खात, दात आंबेपर्यंत.

मी नऊ वर्षांची होते, कागदावर अकरा. एका लग्नाच्या मांडवात बायका शेवया वळत बसल्या होत्या. मी त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले. आईच्या माहेरची कुणी एक मावशी माझ्याकडे निरखून बघत राहिली, आणि शेजारणीला म्हणाली,

"ही दुसरी मनीसा ना? पहिली गोरी व्हती."

एवढंच. शेजारणीनं तिला कोपरानं ढोसलं. त्या दोघी परत शेवया वळायला लागल्या.

मी आजीला नाही, मामाला नाही, त्या मावशीलाच गाठलं. ती विहिरीवर एकटी असताना. तिनं सांगितलं, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं. माझ्याआधी एक मुलगी होती. सुरतेला दवाखान्यात झालेली, दाखल्यासकट. दीड वर्षांची असताना आई तिला घेऊन गावी आली होती, आणि इथेच ती गेली. तिला नाल्याकाठच्या बाभळीखाली पुरलं. सहा महिन्यांनी मी झाले, सुरतेला, घरातच, दाईच्या हातावर. बाराव्या दिवशी आप्पा म्हणाले, चांगलं नाव आहे, कशाला बदलायचं. दाखलाही आहे.

मी त्या बाभळीखाली गेले. तिथे काही नव्हतं. मावशी म्हणाली होती की दगड ठेवला होता. पुरात गेला असेल, किंवा कुणी चुलीला नेला असेल. शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या आणि बाभळीच्या पिवळ्या फुलांचा गोड, धुळकट वास येत होता. मी नाव घेऊन हाक मारायला तोंड उघडलं, आणि कळेना की मी कुणाला हाक मारतेय.

परत आल्यावर आप्पांना विचारलं. ते खात्यातून आले होते, पाय धूत होते.

"आप्पा, ती मेली तर तिचा दाखला माझा कसा?"

त्यांनी पायावर पाणी ओतणं थांबवलं नाही. "मरायची नोंद कोण करतं लहान लेकराची? दाखला होता, नाव होतं. तुझं काम झालं ना? शाळेत बसलीस ना? मग?"

मग काय, हे नऊ वर्षांच्या पोरीला कुठून सुचणार? मला सुचायला पुढची कित्येक वर्षं लागली. ती मेल्याची नोंद नाही, म्हणजे सरकारच्या कागदात ती आजही जगते आहे. ती शाळेत गेली, ती पास झाली, तिचं मतदार यादीत नाव आलं. जन्मल्याची नोंद नाही ती माझी. मी कुठल्याच कागदावर जन्मलेले नाही. माझा वाढदिवस तिचा आहे. माझ्या हातात एक गोष्ट अशी नाही जी आधी तिची नव्हती, आणि त्या बिचारीनं तरी ती मला आपखुशीनं दिलेली नव्हती.

आणि लग्न. सोळा पूर्ण झाली तेव्हा भेस्तानचं स्थळ आलं. मला पुढे शिकायचं होतं, आणि माझ्या कुणा मैत्रिणीनं सांगितलं होतं की अठराच्या आत लग्न करता येत नाही. मी ते आप्पांपुढे म्हटलं. त्यांनी उठून तेच खाकी पाकीट आणलं. कडा फाटलेल्या, घडीवर चिकटपट्टी. कागद उलगडून माझ्यापुढे धरला. "हे बघ. अठरा पूर्ण."

ती अठरा पूर्ण होती. लग्न माझं लागलं.

आप्पांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांनी मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, जत्रेतून बांगड्या आणायचे तेव्हा माझ्या हाताच्या मापाच्या आणायचे. वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, मला हा राग नीट धरता तरी आला असता. ते भले होते आणि त्यांना खरोखरच वाटत होतं की मुलीचं नाव म्हणजे कळशी. एकीनं ठेवली, दुसरीनं उचलली.

लग्नानंतर मी धडपडून शिकले. गेली पंधरा वर्षं अंगणवाडीत शिकवते. दर जूनला हजेरीपटात नवी नावं लिहिते. नावांचे हंगाम आजही तसेच येतात, फक्त आता मोबाईलमधून येतात. दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन काव्या असतात, दोन-तीन आरोही, अन्वी, स्वरा. प्रत्येकीचं नाव लिहिताना मी दाखला नीट बघते, पोरीला नीट बघते. पाय टेकतात का बघते. माझ्या हाताखालची मदतनीस हसते मला.

म्हणून दीपक जेव्हा म्हणाला, "कशाला बदलायचं," तेव्हा मला त्याचं तोंड दिसेनासं झालं. मी म्हणाले, "हे नाव मी तिच्या कानात सांगणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही सांगणार. आत्या मी आहे. दुसरी आत्या शोध."

आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. दीपक हसला, त्याला गंमत वाटली असावी. मग माझ्याकडे नीट बघून त्याचं हसू गेलं.

"तुला काय प्रॉब्लेम आहे, ताई? बाप मी आहे ना? तुझं काय जातंय?"

"माझं काय गेलं ते सांगू? बस खाली. बस."

आणि मी सांगितलं. दीपक माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पहिल्या मनीषाबद्दल त्याला उडत उडत माहीत होतं, जसं घरात एखादं जुनं भांडं कुठेतरी माळ्यावर आहे एवढं माहीत असतं. दाखल्याचं, बाकाचं, बाभळीचं, लग्नाचं त्याला काही माहीत नव्हतं. मी ओरडून बोलत होते. गल्लीत आता लूम नाहीत, खाती सगळी शहराबाहेर पलसाण्याकडे गेली, तरी मी लूमवर ओरडावं तशी ओरडत होते. झोळीतली पोर जागी होऊन रडायला लागली. रूपाली, माझी भावजय, आतून आली, तिला उचलून परत आत गेली.

"मी आप्पांसारखं नाही करत आहे," दीपक म्हणाला. "मला दाखला नाही वाचवायचा. मला फक्त… ताई, मला परत हाक मारायचीय तिला. काव्या म्हणून. घरात दीड वर्ष ते नाव कुणी घेत नाही. मी तरी कुठे घेऊ?"

त्यावर मला गप्प बसायला हवं होतं. पण रागाला असा ब्रेक लागत नाही. मी म्हणाले, "तू हाक तिला मारशील आणि ओ हिनं द्यायची? जन्मभर? हिनं काय पाप केलंय?"

तो उठून बाहेर निघून गेला. दार आपटलं नाही, नुसतं उघडं टाकून गेला.

मी आईकडे वळले. तिचंही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. "आणि तू," मी म्हणाले. "तू तर आई होतीस तिची. तुला कसं चाललं?"

आईनं एकदम हातातली लसणाची परात बाजूला सारली. माझी आई सहसा चिडत नाही. त्या दिवशी तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला.

"माले कोनी इचारं?" ती म्हणाली. "तुना बापनी ठेयं. मी बाळंतीन, पडेल व्हती खाटवर. बायकास्नी तुना कानमा नाव सांगं नि मना कानमा ते तापेल तेलनागत पडनं. तू म्हनस, माले कसं चालनं? मी तुले कधी नाव लिसन हाक मारी का? सांग. एकदा तरी?"

"नाही," मी म्हणाले.

"ते नाव तिनं व्हतं," आई म्हणाली. "मी तुले नही दिधं. मी दिधंच नही."

मग तिनं परात पुन्हा ओढून घेतली आणि लसूण सोलायला लागली, भराभर, सालं इकडेतिकडे उडवत. चाळीस वर्षं मी ज्याला मायेची कमतरता समजत होते, ते तिचं भांडण होतं. एकटीचं, कुणाला न सांगता केलेलं. मला तिची दया यायला हवी होती. आली, पण नंतर. त्या क्षणी मला तिचाही रागच आला. अगं, मनातल्या मनात भांडून काय उपयोग? एकदा मोठ्यानं बोलली असतीस. दुसरं नाव दिलं असतंस, अगदी दगडी, धोंडी, काहीही. नुसतं न बोलावून मला काय मिळालं?

हे मी तिला बोलले नाही. मी तिथून आत गेले.

स्वयंपाकघरात रूपाली ओट्याशी उभी होती, पोरीला खांद्यावर घेऊन. उद्याच्या घुगऱ्यांसाठी पातेल्यात हरभरे भिजत घातले होते. त्यांचा ओला, मातीसारखा वास भरून राहिला होता. रूपाली नंदुरबारची. बोलायला हळू. या घरात चार वर्षं झाली तरी माझ्यापुढे तिनं कधी आवाज वाढवला नव्हता.

मी पिशवीतून माझी वही काढली. पोर झाल्यापासून मी नावं शोधली होती. कुणाच्या पोरीचं नसेल असं नाव, हजेरीपटात कधी न आलेलं. पानभर यादी होती. माझ्या मनात मी एक पक्कंही केलं होतं. "रूपाली, हे बघ. मयूखी. किंवा हे, ऋतुपर्णा. गल्लीत नाही, शाळेत नाही, कुठे नाही. हिचं एकटीचं राहील."

तिनं वहीकडे बघितलंच नाही. "ताई, रागावणार नाही ना?"

"बोल."

"मला असं नाव नको. मला साधंच पाहिजे. सगळ्यांच्या पोरींचं असतं तसं. मला आरोही आवडतं."

"आरोही?" माझा आवाज पुन्हा चढला. "माझ्याच वर्गात तीन आरोही आहेत. या गल्लीत दोन. उद्या हिला आरोही पाटील एक, आरोही पाटील दोन म्हणतील. मी ते भोगलंय, तुला सांगते…"

"तुमच्या तिन्ही आरोही शाळेत येतात ना?" तिनं मला मध्येच थांबवलं. पहिल्यांदाच. "रोज येतात ना? डबा खातात, भांडतात, पडतात, रडतात?"

"हो."

"मग तसंच नाव पाहिजे मला. वर्गात पाच असू देत. पण पाचही जणी असल्या पाहिजेत." तिनं पोरीच्या पाठीवर हात फिरवला. "मला मोठी होऊन गर्दीत हरवणारी पोर पाहिजे, ताई. वेगळी नको. आणि तिचं नाव हिला नको. ते मी यांना सांगू शकले नाही. ते रोज झोळीवरचं नाव हातानं पुसून बघतात. कसं सांगू?"

मी वही मिटली. मला लाज वाटली, आणि लाजेबरोबर पुन्हा रागच आला, आता स्वतःचा. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीवरून जळत होते, तीच करायला मीही आले होते. पोरीच्या आईला न विचारता, घरून नाव लिहून.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले.

मला सांगावं लागलं नाही. दिवेलागणीला दीपक परत आला. त्यानं बूट काढले, सरळ झोळीपाशी गेला. कडीवरून झोळी उतरवली, जमिनीवर पसरली, हातानं सुरकुत्या काढून तिची घडी घातली, नाव आत जाईल अशी. घडी घेऊन तो रूपालीसमोर जाऊन उभा राहिला.

"कपाटात ठेव," तो म्हणाला. "हिला तुझ्या जुन्या साडीची बांध."

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. खोली बायकांनी भरली होती. शेजारची गुजराती काकी दारातूनच ओरडली, "फोईबा तैयार?" फोईबा म्हणजे आत्या, म्हणजे मी. रूपालीच्या फिकट हिरव्या साडीची झोळी, चारी बाजूंनी झेंडूची फुलं, खाली समई. पोरीला एकदा झोळीखालून, एकदा वरून दिली घेतली. आई एका कोपऱ्यात बसली होती. मी तिला उठवून माझ्या शेजारी आणून उभं केलं. मग मी वाकले. पोरीच्या कानाजवळ तेलाचा, वेखंडाचा आणि दुधाचा वास होता. कान इतका लहान, की त्यात एवढं मोठं नाव कसं मावणार असं वाटलं. मी कुर्रर्र केलं आणि सांगितलं: आरोही. माझ्या पाठीत बायकांचे धपाटे पडले, रीतीप्रमाणे, हसत खिदळत. त्यांतला एक हात नुसताच टेकला होता आणि उचलला गेला नाही. तो आईचा होता.

दीपक दारात उभा होता. त्यानं घुगऱ्यांची वाटी घेतली, पण नाव उच्चारलं नाही. सबंध दिवसभर तो पोरीला "ही" म्हणत होता. रूपालीनं माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं हे कसं सुरू होतं. आधी "ही," मग "बेटा," मग "माय."

म्हणून पुढच्या आठवड्यात मी शाळेतून सुट्टी काढली आणि त्याला घेऊन पालिकेच्या कचेरीत गेले. जन्माची नोंद दवाखान्यातून होते, नाव मागाहून घालावं लागतं. तो म्हणत होता, घाई काय आहे. मी म्हणाले, आजच.

खिडकीपाशी रांग होती. भिंतीवरचा पंखा आमच्यापर्यंत पोचत नव्हता. आमचा नंबर आला. आत चष्मा लावलेली एक बाई होती. तिनं फॉर्म घेतला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"भाई, आप के नाम पर तो एक एन्ट्री है पहले से. काव्या. यही बेबी है क्या?"

दीपकनं खिडकीची कड धरली. त्याच्या मागे लोक पुढे सरकत होते. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. हे त्यानंच बोलायला हवं होतं.

"नहीं," तो म्हणाला. "नहीं मॅडम. वो काव्या थी, मेरी बडी बेटी. वो अब नहीं है. ये छोटी है. इसका नाम आरोही लिखो."

बाईनं चष्म्यावरून त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग गुजरातीत हळू काहीतरी म्हणाली, सॉरीसारखं, आणि टाइप करायला लागली. "स्पेलिंग?"

"डबल ए, आर, ओ, एच, आय," दीपक म्हणाला. मग कुणी विचारलं नसताना, "आरोही," असं आणखी एकदा म्हणाला.

पावती घेऊन आम्ही बाहेर आलो. मी पायरीवर बसले. समोर रिक्षावाले भेस्तान, उधना ओरडत होते. एवढंच होतं ते. एका खिडकीपुढे दहा मिनिटं उभं राहायचं आणि सांगायचं की ती होती, ती गेली, ही आहे. आप्पा रोज बारा तास लूमपुढे उभे राहिले. ही दहा मिनिटं त्यांना मिळाली नाहीत.

दीपक माझ्या शेजारी उकिडवा बसला. "ताई, रडू नको ना."

"रडत नाहीये रे," मी म्हणाले. "राग आलाय. बसू दे जरा."